पैला नंबर

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी आमची वहिनी त्याला नंबर लावायची. सकाळी उठली की ओट्यावर उभी राहून डाव्या हाताची बोटं एकेक करून दुमडायची. पैला नंबर प्रार्थना. दुसरा नंबर मायची गोळी आणि चहा. तिसरा नंबर भाकरी. चौथा नंबर शाळेतली खिचडी. पाचव्या बोटावर त्या दिवसाचं जे काही असेल ते. गल्लीतल्या बाया पाठीमागं तिला 'पैला नंबर' म्हणायच्या. 'पैला नंबर पाण्याला येऊन गेली का ग?' असं एकमेकींना विचारायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. हे नाव मी ठेवलं होतं. तिच्याबद्दल वाईट बोलायची सुरुवात गावात बहुतेक वेळा माझ्यापासूनच झाली, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव जवळा बाजारपासून चार किलोमीटर आत. घर बौद्ध. आम्ही दोघं भाऊ. थोरला दादा जवळा ते औंढा ऑटो चालवतो. मी जवळ्याला झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलंय. दोघांत मिळून तीन एकर रान, त्यात हळद. वहिनी या घरात आली तेव्हा मी दहावीला होतो आणि त्याच वर्षी गणितात नापास झालो. दादा म्हणाला, बस झालं शिक्षण, रानात ये. वहिनीला घरात येऊन सहा महिनेही झाले नव्हते, पण ती दादाला म्हणाली, "त्यांना एकदा बसू द्या परत. न्हाई झाले पास तर मी स्वतः विळा देते हातात." मी पास झालो. पुढं जे काही शिकलो, दुकान टाकलं, चार लोकांत बोलायला लागलो, ते त्या वाक्यामुळं. हे मला नेहमी माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

ती ख्रिस्ती झाली त्याचं कारण तिची आई. आईच्या पायाला साखरेची जखम झाली होती. पाय काळा पडला, वास सुटला. लेकीसुना नाकाला पदर लावून लांब बसायच्या. शेवटी लांबच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेलं. वहिनी तिथं दोन महिने राहिली. त्या वॉर्डात एक म्हातारी बाई रोज यायची, खाली बसायची, पाय मांडीवर घ्यायची आणि ती जखम धुवायची. "ती मला कधी म्हणली न्हाई की माझ्या देवाला मान," वहिनी सांगायची. "मीच इचारलं, काहून करता हे? तुमची कोण लागती ही?" म्हातारीनं काय उत्तर दिलं ते वहिनीनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आई गेली. वहिनी एक जाड पुस्तक घेऊन परत आली आणि दर रविवारी जवळ्याला एका पत्र्याच्या खोलीत पंधरावीस माणसं प्रार्थनेला जमायची, तिथं जायला लागली.

दादाला त्याचं काही वाटलं नाही. दादा मुळात कमी बोलणारा. "तिचं तिला, माझं मला," एवढं म्हणून त्यानं ऑटोला किक मारली. मला मात्र सहन होईना. जयंतीला मंडपात माईक हातात घेऊन भाषण करणारा मी. आपल्या माणसांनी कुठून कुठवर वाट तुडवली, ते सांगताना माझा आवाज भरून यायचा. आणि माझ्याच घरात ही बाई दुसऱ्याच वाटेला लागलेली. मी तिला तोंडावर म्हणालो, "वहिनी, आपल्याला एकदा माणूस म्हणून उभं केलंय. आता आणखी कोणाच्या पाया पडायची काय गरज?" ती पोळपाट पुसत होती. म्हणाली, "उभं केलं म्हणूनच तर चालता येऊन राहिलं, भाऊजी." मला ते उत्तर उर्मट वाटलं. आजही थोडं वाटतंच. पण बुद्धपौर्णिमेची खीर त्यानंतरही तीच करायची, आणि भिंतीवरच्या तसबिरी पुसायचं कामही तिनं कधी सोडलं नाही. त्याचा तर मला जास्तच राग यायचा. सोडायचं तर सगळं सोडावं, म्हणजे भांडायला तरी सोपं जातं.

हळद काढली की ती शिजवायला कुकर लागतो. ट्रॅक्टरला जोडून येतो, एका गावात दोनच दिवस थांबतो, त्यात प्रत्येकाची पाळी ठरलेली. एका साली आमची पाळी नेमकी रविवारी आली. माणसं मिळेनात. पहाटे पाचपासून आम्ही रानात होतो. वाफ, धूर, ओल्या हळदीचा वास, अंगभर पिवळं. साडेनऊ वाजता वहिनीनं हातपाय धुतले, पातळ बदललं आणि ती बांधावरून चालायला लागली.

मी ओरडलो, "वहिनी! कुकर चालू हाय!"

"एक वाजता येते."

"हळद थांबत न्हाई कोणासाठी!"

ती मागं वळली. "हळद थांबती, भाऊजी. थोडी जास्त शिजंल. मी एक रविवार सोडला की पुढच्या रविवारी कायतरी दुसरं निघंल. मला माझं माहीत हाय."

ती गेली. एका बाजूची शिजलेली हळद पसरायला हात कमी पडले, माझ्या बायकोच्या, मंदाच्या, दोन्ही तळव्यांना फोड आले. एकला वहिनी परत आली आणि पाठ न टेकता अंधार पडेपर्यंत राबली. मंदाच्या हाताला तिनंच खोबरेल लावलं. पण फोड आले होते ते आले होते. त्या दिवशी मी रानात सगळ्यांदेखत म्हणालो की हिच्या देवाची पूजा ही करती आणि त्याचे पैसे आमी मोजतो. तिनं ऐकलं. पुढची पाटी उचलली. तिच्या त्या न बोलण्यानं मी जास्तच चिडायचो.

माय पण कुरकुरायची. म्हातारपणी तिला प्रत्येक गोष्टीत आपला मान कुठं आहे ते मोजायची सवय लागली होती. एकदा बाजेवरून म्हणाली, "काय ग, तुझा देव पैला, मग मी कितवी?" वहिनी तिचे पाय दाबत होती. म्हणाली, "तुमी त्याच्यातच येता, माय. वेगळा नंबर न्हाई तुमाला." माय माझ्याकडं बघून म्हणाली, "गोड बोलून राहिली बघ." पण पाय काही तिनं मागं घेतले नाहीत.

गावात बोलणं सुरू होतंच. तिला महिन्याला पैसे येतात. एक माणूस ओढला की इतके, घर ओढलं की तितके. दोन पोरं एकदा तिला शाळेच्या रस्त्यावर अडवून विचारायला गेली. तिनं त्यांना आपल्या चपला दाखवल्या. अंगठ्याजवळ शिवलेल्या. "पैसे आले तर पैल्यांदा ह्या बदलीन, बाळांनो," म्हणाली. ती पोरं पुढं गेली, पण बोलणं थांबलं नाही. मी ते थांबवू शकलो असतो. जवळ्याच्या स्टँडवर कोणी मला विचारलं की मी नुसता खांदे उडवायचो. खांदे उडवले की माणसं जे समजायचं ते समजतात.

मग ती निवडणूक आली. त्या खेपेला आमच्या गावचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी सुटलं. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि पेढे घेऊन घरी आलो. मंदाला उभं करता येत नव्हतं, कारण आम्हाला तीन लेकरं, आणि तिसऱ्या लेकरामुळं नियमात बसत नाही. वहिनीला एकच मुलगी. शिवाय ती बारा वर्षं गावच्या शाळेत खिचडी शिजवत होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली, सगळ्या जातींची. तिला मतं पडली असती. सही वहिनीची, कारभार माझा, असं माझ्या मनात होतं. ते काही मी लपवत नाही. पण गल्लीचा रस्ता, नालीचं पाणी, समाजमंदिराचं छत, हेही माझ्या मनात होतं.

पहिल्यांदा ती तयार झाली. रस्त्याचं ऐकून तिचे डोळे चमकले. "नालीवर झाकणं टाकू, लेकरं पडतात," म्हणाली. मी तिला दुकानात घेऊन गेलो. तिचा जातीचा दाखला लग्नाआधीचा, माहेरचा. कागद खरा, शिक्का खरा. मी फॉर्म भरत गेलो. प्रतिज्ञापत्रात मी तिचा धर्म बौद्ध लिहिला, प्रिंट काढली आणि पेन तिच्यापुढं धरलं. दुकानात पाचसहा माणसं होती. वहिनीला वाचायला वेळ लागायचा, बोट ठेवून ती एकेक ओळ वाचायची. त्या ओळीवर बोट थांबलं.

"भाऊजी, हे खोटं हाय."

मी हळू आवाजात म्हणालो, "खोटं काय त्यात? दाखला तुमचाच हाय ना?"

"दाखला माझा हाय. पण मी आता ख्रिस्ती हाय. इथं ख्रिस्ती लिवा."

"ख्रिस्ती लिहिलं की ही जागा तुमाला लागू होत न्हाई. फॉर्म बाद."

"मग बाद."

मी तिला बाजूला झेरॉक्स मशीनमागं नेलं. सांगितलं की शंभर लोक असंच करतात. मनात काय ते मनात ठेवावं, रविवारी कुठं जायचं तिथं जावं, कागदावर फक्त एक शब्द. कोणी विचारायला येत नाही. ती म्हणाली, "मन येगळं आन कागद येगळा म्हणता तुमी. पण सही तर माझीच हाय ना?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुमच्या देवाला जवळ्याच्या झेरॉक्सच्या दुकानातलं दिसतंय का?"

"त्याला दिसत न्हाई असं वाटतंय, म्हणूनच तुमाला एवढं सोपं जाऊन राहिलंय," ती म्हणाली. पेन तिनं टोपण लावून काउंटरवर ठेवलं. मग जाता जाता थांबून म्हणाली, "मला पण पाहिजे व्हतं भाऊजी. रस्ता पाहिजे व्हता. असं नका समजू की मला पाहिजे नव्हतं." तिचे डोळे भरलेले होते. मी ते पाहिलं आणि माझ्यावर त्याचा काहीएक परिणाम झाला नाही.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या गल्लीतल्या एका बाईचा तेवढा एकच अर्ज राहिला. ती बिनविरोध झाली, कारभार तिचा दीर करायला लागला. त्याचा जेसीबी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन वळून जायचा. आमच्या लोकांनी वहिनीला शिव्या घातल्या, मला हसले. 'घरची बाई ऐकत न्हाई, आन निघाला गाव चालवायला.' मी घरात भिंत घातली, चूल वेगळी केली आणि वहिनीशी बोलणं टाकलं. समोरासमोर दारं, पण जवळजवळ तीन वर्षं मी तिला एक शब्द बोललो नाही. ती बोलायची. 'भाऊजी, पाणी आलंय,' 'भाऊजी, गाडीचा स्टँड काढा.' मी मान वळवायचो.

आता ते सांगतो. निवडणुकीनंतर सहा महिन्यांनी शाळेत एक अर्ज गेला. त्यात लिहिलं होतं की खिचडी शिजवणारी बाई लेकरांना जेवणाआधी येशूची प्रार्थना म्हणायला लावते, न म्हणणाऱ्याला कमी वाढते, आणि शाळेनं तिला काढलं नाही तर वर तक्रार जाईल. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक पालक'. तो अर्ज मी लिहिला. दुकानात कॉम्प्युटर असताना हातानं लिहिला, म्हणजे संशय येऊ नये. त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. वहिनी पातेल्याचं झाकण काढण्याआधी उभ्या उभ्या डोळे मिटायची, तेवढंच. लेकरांना तर ते कळायचंही नाही. वाढायला कमीजास्त तर तिनं शत्रूच्या लेकराला केलं नसतं. माझी धाकटी त्याच शाळेत होती आणि तिच्या ताटात रोज दोनदा पडायचं.

हेडसर घाबरट माणूस. त्यांनी चौकशी वगैरे केली नाही, वहिनीला अर्ज दाखवला आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणाले. तिच्या जागी एक विधवा बाई लागली. माझी धाकटी घरी येऊन म्हणाली, "पप्पा, मोठीमाय आता शाळेत न्हाई. खिचडीला चव न्हाई." मंदानं माझ्याकडं पाहिलं. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. दोनतीन दिवस वाटलंही. वहिनी मग लोकांच्या रानात निंदायला, हळद काढायला रोजानं जायला लागली. रविवार सोडून.

पुढच्या एका रविवारी, म्हणजे अर्जानंतर दोन वर्षांहून जास्त दिवस गेले होते, मी सकाळी दात घासत दारात आलो तर वहिनी माझ्या ओट्यावर बसलेली. प्रार्थनेला जायचं पातळ नेसलेली, पुस्तक पिशवीत. मी आत गेलो. साडेनऊ झाले, दहा झाले. ती हलली नाही. मंदानं विचारलं तर म्हणाली, "भाऊजींशी बोलायचंय. बोलतील तवर बसते." मी मागच्या दारानं दुकानावर गेलो. दुपारी मंदा म्हणाली, एक वाजता उठून गेल्या. ही बाई, जी हळदीच्या कुकरला थांबली नव्हती, त्या रविवारी प्रार्थनेला गेली नाही.

पुढच्या रविवारी परत आली. गल्लीतली माणसं येता जाता बघायला लागली. मी खिडकीतून म्हणालो, तीन वर्षांतलं माझं पहिलं वाक्य, "जा की. तुमचा देव वाट पाहून राहिला असंल." ती म्हणाली, "त्यानंच इकडं लावून दिलंय." मी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या रविवारी मी ओट्यावर मुद्दाम बादलीभर पाणी ओतलं, जागा ओली केली. ती आली, तिनं पाणी बघितलं, पायानं बाजूला सारलं आणि उंबऱ्याशी उकिडवी बसली. गुडघे दुखत असतील. तिला गुडघ्यांचा त्रास होता, मला माहीत होतं.

चौथ्या रविवारी मंदा लेकरांना घेऊन माहेरी गेलेली. गल्लीतली माणसं लग्नाला. घरात मी एकटा आणि बाहेर ती. अकरापर्यंत मी कसा काढला वेळ, मलाच माहीत. मग दार उघडून मी ओरडलो, "व्हय! मीच लिवला! मीच लिवला तो अर्ज, काय करायचं ते करा!"

वहिनी खाली बघत म्हणाली, "मला माहीत हाय. घरातल्या किराण्याच्या याद्या तुमीच लिवायचा ना इतकी वर्षं. तुमचा 'ळ' मला आंधारात कळंल."

मी खाली बसलो. "मग दोन वर्षं बोलल्या काहून न्हाई?"

"बोलायचं नव्हतं. मनात म्हणलं, सोडून दिलं. पण सोडलं नव्हतं भाऊजी. प्रार्थनेला डोळे मिटले की तुमचं तोंड पुढं यायचं. ओठानं त्याचं नाव घेती आन मनात तुमाला शिव्या. लई घाण शिव्या." ती थोडी हसली. "तर आमच्यात असं सांगितलंय, की भावाशी बिनसलेलं असंल तर आधी तिकडं जायचं, मग इकडं यायचं. मी दोन वर्षं उलटं करून राहिले व्हते."

मी विचारलं, "मग आता काय? मला माफ करायला आलात?"

"माफ केलं. ते मी केलंय, ते माझं काम हाय." आणि मग तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. तशी नजर मी तिची कधी पाहिली नव्हती. "पण राग हाय. बारा वर्षं मी त्या लेकरांना वाढलं. एकाला कधी कमी वाढलं न्हाई. तुमी ते काहून लिवलं, भाऊजी? दुसरं कायबी लिवायचं. चोरी करती म्हणायचं. ते तेवढं नव्हतं लिवायचं."

मी हेडसरांकडं जाऊन सगळं सांगतो म्हणालो. तिला परत घेतील. तिनं मान हलवली. "ती बाई लागलीय ना आता तिथं. तिला दोन लेकरं हायत. तिच्या ताटातलं काढून मला नको." मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. "च्या करायला येतो का तुमाला? मंदा न्हाई म्हणून इचारते. कोरडं पडलंय तोंड." मी चहा केला. साखर जास्त झाली. ती सगळा प्याली.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो. पूर्वीसारखं नाही. तिचा राग खरा होता आणि तो कधी कधी दिसायचा. शाळेची घंटा झाली की ती बोलता बोलता गप्प व्हायची आणि मी उठून जायचो. तिच्या धर्माबद्दलचं माझं मतही बदललं नाही. मी आजही माझ्या जागी आहे आणि राहणार. पण आम्ही भांडायला लागलो, तोंडावर, आणि त्यात मजा यायला लागली. "तुमच्या येशूनं हळद कधी शिजवली नसंल," मी म्हणायचो. "सुतार व्हता तो," ती म्हणायची, "घाम त्यालाबी येत व्हता." माय गेली तेव्हा शेवटचे दोन महिने वहिनीनंच तिचं सगळं केलं, अंथरुणातलं सगळं. मी तेव्हा बाजूला उभा राहून तिला पाहायचो. नाकाला रुमाल लावायची मला लाज वाटायची.

मग वहिनीच आजारी पडली. पोटात गाठ निघाली. नांदेडला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते दादानं आम्हाला सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. शेवटच्या दिवसांत तिला घरी आणलं, लेकही सासरहून आली. त्या पत्र्याच्या खोलीतली माणसं येऊन हळू आवाजात गाणी म्हणायची. आमच्या गल्लीतली काही माणसं आली, काही आली नाहीत. 'एवढी प्रार्थना करून काय मिळालं,' असं कोणीतरी दारातच म्हणालं. तो माणूस पूर्वी माझंच भाषण ऐकून टाळ्या वाजवायचा.

एका दुपारी दादा औषधं आणायला गेला होता. वहिनीनं मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

"भाऊजी, अर्ज कोणी लिवला ते ह्यांना माहीत न्हाई. मी सांगितलं न्हाई."

"मला माहीत हाय."

"तुमी सांगा."

मी म्हणालो, "कशाला वहिनी? आता काय उपयोग? उगंच दादाला तकलीफ."

"माझ्यासाठी न्हाई सांगत. मी जाते. तुमाला ह्याच घरात राहायचं हाय, समोरासमोर." तिनं मला उशी वर करायला लावली. "सांगितलं तर ते तुमच्यावर लई चिडतील. न्हाई सांगितलं तर ते तुमाला चांगला भाऊ समजत राहतील. ह्यातलं जड कोणतं, ते तुमी ठरवा."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. ती पाचव्या दिवशी गेली, सकाळी. त्यांच्या लोकांनी तिला मातीत ठेवलं. मी खांदा दिला. माती टाकताना पास्टर काय म्हणाला त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. दादा उन्हात उभा होता, रडत नव्हता, कोणी पाणी दिलं तरी घेत नव्हता.

मी महिनाभर टाळलं. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, त्याला थोडं सावरू दे. मी स्वतःला सांगत होतो की हे दादासाठी आहे. एका संध्याकाळी दादा माझ्याकडं जेवायला बसला होता आणि सहज म्हणाला, "शाळेचं काम गेलं तवापासून ती मनातून मोडली. कोण हलकट व्हता तो, कधी कळलंच न्हाई. तुला काही अंदाज हाय का रे? तुझ्या दुकानात सगळं गाव येतं."

मंदाच्या हातातली भाकर तशीच राहिली. तिला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हणालो, "दादा, तो मी."

त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. मी परत सांगितलं. सगळं सांगितलं, हातानं लिहिलेलं, 'एक पालक', तिला माहीत होतं ते, ओट्यावर बसायची तेही. दादा ऐकत होता. मग त्यानं ताट बाजूला सरकवलं, हात धुतला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "तिनं तुला दहावीला परत बसवलं नसतं तर तुला लिवायला तरी आलं असतं का रे?" आणि उठून गेला. त्याच्या दाराची कडी आतून लागली, ती मी ऐकली.

आठ महिने झाले. दादा माझ्याशी बोलत नाही. गल्लीतल्या लोकांना कारण माहीत नाही, ते म्हणतात जमिनीवरून बिनसलं असेल. मंदा म्हणते, सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं. रात्री पडल्या पडल्या मीही हाच विचार करतो, आणि दर वेळी त्याच ठिकाणी येऊन थांबतो की नाही, सांगायला पाहिजे होतं. त्या महिनाभरात दादा माझ्या ताटात वाढून द्यायचा, माझ्याशी तिच्या गोष्टी बोलायचा, आणि मला एक घास गोड लागत नव्हता. आता तो बोलत नाही, पण जे आहे ते खरं आहे. हे मी कुठून शिकलो ते वेगळं सांगायला नको. तिचा देव मी घेतला नाही. ती मात्र माझ्यात कुठंतरी बसलीय आणि उठत नाही.

गेल्या बाजाराच्या दिवशी माझी गाडी पंक्चर झाली म्हणून मी जवळ्याच्या स्टँडवर उभा होतो. दादाचा ऑटो भरलेला, मागं बाया आणि पोती, पुढं त्याच्या शेजारी भाजीची पिशवी. त्यानं मला पाहिलं. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडं बघायला लागलो. ऑटो सुरू झाला आणि दहा पावलांवर जाऊन थांबला. दादानं मागं वळून पाहिलं नाही. शेजारची पिशवी उचलली आणि मागच्या बाईच्या मांडीवर दिली.

मी चालत गेलो आणि बसलो. गावापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.